साहेबांना भ्यालेली ज्योत

मी काचेची नळी बोलतेय. दोन हात लांब, एका तोंडाला बूच. मंगरूळपीरकडच्या एका शाळेच्या कपाटात असते.

विज्ञानाच्या नानाजी मास्तरांनी मला नागपूरहून धोतरात गुंडाळून आणलं. मोटारीत स्वतः उभे राहिले, मला मात्र बसवून आणलं.

ते माझ्यात चार थेंब स्पिरिट घोळवायचे आणि तोंडाशी काडी लावायचे. निळी ज्योत संथपणे आत उतरायची. मग ते मोठ्यानं "ओ" म्हणायचे, की ती थरथरायची, चेपायची, कधी तुटून विझायची. "आवाज म्हंजे हवेचा धक्काच," असं ते सांगायचे. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

पण मास्तर हंगामी होते. सत्तावन्न साली तपासणीला साहेब येणार होते. ते खूश झाले तर मास्तर कायम, नाहीतर घरी.

हेडमास्तर उकंडरावांनी सनईवाल्या पुंजाजीला बोलावलं. साहेब आले, सनई. साहेब बसले, सनई. साहेब पाणी प्यायले तरी सनई.

मास्तरांनी काडी लावली. ज्योत निम्म्यावर आली आणि नीट दिसावं म्हणून साहेब उठून उभे राहिले. पुंजाजीनं इमानेइतबारे सनई फुंकली. ज्योत लटपटली आणि विझली.

उकंडरावांनी हात जोडले. "साहेब, तुमाले पाहून इस्तो बी भेला!" विस्तवाला आमच्याकडे इस्तो म्हणतात.

साहेब मिशीत हसले. आता मास्तरांनी नुसती मान हलवायची होती. मी मनात म्हणत होते, हलवा हो, हलवा!

"नाही साहेब," मास्तर म्हणाले, "थे सनईनं हालली. तुमी जरा बाहीर जा. पुंजाजी वाजवतीन, तुमी खिडकीतून पाहा. तुमी नसले तरी हालते."

साहेबांना 'बाहेर जा' असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते गेले, पण खिडकीशी थांबले नाहीत, थेट जीपमध्ये बसले. महिनाअखेरीला मास्तरही गेले. जाताना त्यांनी मला धोतराच्या सोग्यानं पुसलं. तेव्हा मला फार वाईट वाटलं.

आता तपासणी आली की मला हार घालतात. "याच नळीत ज्योत साहेबाले भेली व्हती," उकंडराव सांगतात. प्रत्येक नवे साहेब विचारतात, "मलाही भिईल का?" मग नेमकं स्पिरिट संपलेलं असतं.

वाचकहो, कुणीतरी थोडं स्पिरिट आणा. काडी लावा, पुंजाजीला वाजवू द्या, आणि साहेबांना तेवढं घरीच राहू द्या. ज्योत हलली, की नानाजी मास्तरांना निरोप धाडा.