तळ्यातली अंबाडी

१९६१ साली ग्रामपंचायतीने गावचे तळे मासे पाळण्यासाठी अकरा बौद्ध कुटुंबांच्या सोसायटीला दिले. वामनराव पाटलांना तो ठराव आजवर पचला नव्हता. सोसायटीचा अध्यक्ष श्रावण. पाच वर्षांपूर्वी धर्मांतर केल्यावर त्याच्या वस्तीने गावातली मेलेली ढोरे ओढणे सोडले होते, आणि तेव्हापासून शेतांवरची मजुरीही आटत गेली होती. पावसाळ्यात सोडलेले कटला माशांचे बीज आता वीतभर झाले होते. ते बाजारात गेले, तर वस्तीला पाटलाच्या दारात उभे राहावे लागणार नव्हते.

दसऱ्यानंतर अंबाडी कापली गेली. तिच्या पेंढ्या तळ्यात कुजवून दोरांसाठी वाख काढायचा, ही गावची जुनी रीत. पण अंबाडी कुजली की पाणी काळे पडते आणि मासा गुदमरतो.

"वामनराव, औंदा पेंढ्या नाल्यात टाका," श्रावण पाटलांकडे जाऊन म्हणाला. "आमी सोता वाहून नेतो."

"वामनराव? तुह्या बापाच्या तोंडात मालक असे."

"बाप मेला. मासोळ्या जित्या हायेत."

"पंचायतीनं मासोळ्या देल्ल्या श्रावण्या, पाणी नाही देल्लं."

दरवर्षी पाटलांची पेंढ्यांनी भरलेली एक बैलबंडी तळ्यावर येई. दुसऱ्या दिवशी तीन आल्या.

सहाव्या सकाळी पाण्यावर पांढरी पोटे तरंगत होती. गुरे वासानेच मागे फिरली. पाटील स्वतः बांधावर आले.

"मेलेलं उचला. ढोराइनं काय प्यावं?"

श्रावण पाण्यात उतरला. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. पण श्रावण वर तोंड काढून धापा टाकणारे मासेच तेवढे धरून बायकोच्या, मथुराबाईच्या, घागरीत सोडत होता. मेलेला आडवा आला की बाजूला सारत होता. वस्तीमागच्या दगडाच्या खदानीत स्वच्छ पाणी होते. बाया घागरी घेऊन तिकडे निघाल्या.

"अन् हे कोन उचलन?" पाटलांनी विचारले.

"ज्यानं मारले थो," मथुराबाई म्हणाली. "मेलेलं उचलनं आमी कवाचंच सोडलं. तुमाले ठावं हाय."

"मंग माह्या वावरात पाय ठेवू नका."

"तुमी बलावता तरी कवा?"

हजारांतले चाळीसेक मासे खदानीत पोहोचले.

दोन दिवसांनी पाटलांचे गडी तोंडाला फडकी बांधून तळ्यात उतरले. त्याच दिवशी वस्तीला गावच्या कोणत्याही शेतात काम द्यायचे नाही, असे ठरले. श्रावणला ते खदानीवर कळले. तिथेही सात मासे उलटे झाले होते. ते त्याने एकेक करून आपल्या हाताने उचलले.