स्वच्छ हनुवट्या

“तुमच्या माहेरी कोणाला असा त्रास होता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. महिनोन्‌महिने पाळी न येणं, हनुवटीवर राठ केस, लवकर मागे लागलेली साखर, असं काही.

“छे, कोणालाच नाही,” आई म्हणाली. प्रश्न पुरता संपायच्या आत.

शेजारी बसलेल्या लेकीनं मान खाली घातली. घरातले सगळे फोटो तिनं शोधून पाहिले होते म्हणे. आजीचे, मावशीचे, आईचे. एकीच्याही हनुवटीवर काही नाही. “म्हणजे हे माझंच,” ती पुटपुटली. “मीच खाऊन खाऊन ओढवून घेतलंय.”

आईनं हनुवटी तळहातानं झाकली.

ती काम करायची त्या फोटो स्टुडिओत तिला टचअपबाई म्हणत. मालक फोटो काढायचा आणि ही संगणकापाशी बसून लोकांना माणसांत आणायची. पुटकुळ्या, डाग, डोळ्यांखालचं काळं. नाकांना मात्र हात लावत नसे. तेवढी नीतिमत्ता तिनं राखली होती. आजीचा, म्हणजे स्वतःच्या आईचा, जुना फोटो दुरुस्तीला घेतला तेव्हा तिनं आधी तडे बुजवले, मग हनुवटी. पुढे मावशीची, मग स्वतःची, लग्नापासूनच्या एकूण एक फोटोंतली. हाताची सवय, असं ती मनाला सांगे. खऱ्या हनुवटीसाठी न्हाणीघराची कडी होती आणि रेझर होता. नवऱ्यालाही पत्ता नव्हता. किंवा असला तरी त्या बिचाऱ्यानं तसं दाखवलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई लेकीला समजावत होत्या. वजनानं हे वाढतं खरं, पण मूळ पुष्कळदा घराण्यात असतं. आईकडून येतं, वडिलांकडूनही येतं. त्याला एकच जनुक जबाबदार नसतं; अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. ओढवून घेण्याचा प्रश्नच नाही. घरात कोणाला असलं तर साखरेवर आत्तापासून नजर ठेवायची, म्हणून विचारायचं.

लेक ऐकत होती, पण पटल्यासारखी दिसत नव्हती. तिच्या घरात तर कोणालाच नव्हतं ना.

“माझ्या आईला होतं,” आई टेबलाकडे बघत म्हणाली. “बहिणीला आहे. मला आहे. फोटोंतून मीच काढून टाकलं.”

बाहेर येऊन दोघी बसथांब्यावर बसल्या. लेक दोन शब्द सुनावेल म्हणून आई वाट बघत राहिली. तेवढं तरी तिनं करावं, असंही तिला वाटत होतं.

“आजी खरी कशी दिसायची गं?” लेकीनं विचारलं.

आईनं डोळे मिटून आठवून पाहिलं. डोळ्यांपुढे आला तो तिनंच गुळगुळीत केलेला चेहरा. मूळ फोटो तिनं जपला नव्हता. स्वतःच्या आईची हनुवटी तिला आठवेना.

दुपार कलली होती. तिच्या हनुवटीवर केसांचे खुंट वर आले होते. तिनं लेकीचा हात उचलला आणि बोटं तिथं टेकवली.

“अशी असणार,” ती म्हणाली.

बसच्या रांगेतली एक बाई टक लावून बघत होती. आईनं तोंड वळवलं नाही.