चौथ्या पायाची खूण

मित्रांनो, मला जरा उलटी करून बघा. बैठकीखाली एक करवतीचा व्रण दिसेल. मी तीन पायांची जुनी खुर्ची आहे खरी, पण जन्मले तेव्हा मला चार पाय होते.

इटलीतल्या कांतू गावात एलिजिओ सुताराच्या कारखान्यात मी घडले. माझा आराखडा तुल्लिया बोसिसिओ या तरुण आर्किटेक्टचा. मिलानच्या प्रदर्शनात मी नावाजले गेले, तरच तिला स्वतःची कामं मिळणार होती. नाहीतर जन्मभर दुसऱ्यांच्या रेषा गिरवणं आलंच. कारखान्यात पुरुष आर्किटेक्ट आला की एलिजिओ टोपी काढून म्हणायचा, "या, आर्किटेत्तो!" तिला मात्र नुसतं "सिन्योरिना", म्हणजे कुमारी.

तिनं पुढे दोन आणि मागे मधोमध एकच पाय आखला होता. एलिजिओ बायकोला म्हणाला, "पिएरिना, पोरगी एक पाय विसरली बघ! तीन तिगाडा, काम बिगाडा. मीच लावतो चौथा. बिचारीची लाज राखू."

आणि त्यानं मागच्या पायाशेजारी आणखी एक ठोकला.

शनिवारी तुल्लिया आली. मला पाहताच तिचा चेहरा उतरला. ती गुपचूप माझ्यावर बसली आणि मी लटपटले.

"फरशी उंचसखल आहे, सिन्योरिना. खुर्चीचा काय दोष?"

"अहो एलिजिओ, माणसं खुर्ची फरशीवरच ठेवतात ना?" तिनं करवत उचलली.

"अहो, सोमवारी प्रदर्शन आहे! मोडली तर?"

"मीच मोडली म्हणून सांगा सगळ्यांना."

चौथा पाय खाली पडला. मग बूट काढून ती सरळ माझ्यावर उभी राहिली. त्याच उंचसखल फरशीवर मी तसूभरही हलले नाही. मित्रांनो, मी थक्क झाले! मला असं उभं राहता येतं, हे माझ्याआधी तिला माहीत होतं.

एलिजिओनं हळूच टोपी काढली. "पिएरिना, आर्किटेत्तोंसाठी वाइन आण. चांगली आण, रोजची नको!"

प्रदर्शनात लोक माझ्याभोवती वाकून वाकून बघत होते. पुढे तुल्लियानं शाळा बांधल्या, जहाजांतल्या खोल्या सजवल्या, दिवे घडवले. मी मात्र कारखान्याच्या माळ्यावर रंगाचे डबे सांभाळत राहिले. तुल्लिया आणि एलिजिओ, दोघंही आता नाहीत. परवा एलिजिओच्या नातीनं मला खाली आणलं. डिंकात भुसा कालवून ती माझा व्रण भरायला निघाली आहे.

मित्रांनो, तिला कुणीतरी सांगा. मला पुसा, तेल लावा, माझ्यावर खुशाल बसा. फक्त ती खूण बुजवू नका. तुल्लियानं माझ्यावर कुठेच सही केलेली नाही. तिच्या हातचं माझ्या अंगावर तेवढंच आहे.