उजव्या चाकाचा अ‍ॅक्सल

अडतीस साली अष्टमीच्या सकाळी आबांनी देशमुखांच्या मोटारीचं मागचं उजवं चाक काढलं आणि नवा अ‍ॅक्सल माझ्या हातात दिला. लॉरीच्या दांड्याचं पोलाद नांदेडला लेथवर कातून आणलेलं. चाक फिरवणारा हा दांडाच सगळा जोर सोसतो, तो तुटला की चाक निखळतं, असं ते मला समजावत होते.

"जड हाय का न्हाई? आता पळू दे किती बी."

"अन् हरलात तर?"

"तर तुझा काका जिंकंल. जीत घरातच ऱ्हाईल."

आबा देशमुखांची मोटार चालवायचे, आणि त्यांचे भाऊ संतरामकाका जहागीरदारांची. दोन्ही मोटारी एकाच बनावटीच्या, हिचे भाग तिला बसायचे. दसऱ्याला शिलंगण झालं की हिंगोलीहून कनेरगाव नाक्यापर्यंत त्यांची शर्यत लागे. मला वाचायला काकांनीच शिकवलं. हैदराबादेहून पुस्तकंही तेच आणत.

नवमीला दोन्ही मोटारी आमच्या शेडात पूजेला उभ्या होत्या. पाने, जॅक, हातोडे पाटावर मांडले. पूजा उचलेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, असा घरचा नेम. दुपारी आम्ही देवीला निघालो, तेव्हा काका म्हणाले, "जा तुमी. मी हाय घरी."

दसऱ्याला सकाळी पूजा उचलताना मोठ्या पान्यावरचं कुंकू पुसलेलं दिसलं. झेंडूला ग्रीस लागलं होतं. मी आबांना दाखवलं.

"उंदीर फिरला आसंल. नवमीला पान्याला हात कोन लावतंय आपल्या घरात?" ते हसले. चाक उघडून न बघताच निघाले.

नाक्याअलीकडच्या वळणावर चाक निखळलं आणि मोटार ओढ्यात गेली. काका पुढे होते. ते जिंकले, मग मागे आले आणि आबांचं डोकं मांडीवर घेऊन रडले. आम्ही पोचलो तेव्हाही रडत होते. ते रडणं खोटं नव्हतं.

तुटलेला दांडा रस्त्यावर पडला होता. जुना, काळा पडलेला, चाक जखडणाऱ्या चावीच्या खाचेपाशी झिजलेला. अष्टमीला मी हातात धरलेला तो हा नव्हता.

त्यांना फक्त जिंकायचं होतं, हे मला कळत होतं. आबा जावेत असं त्यांच्या मनात नसणार. पण त्यानं मला काहीच सोपं झालं नाही.

तेराव्याला भावकी जमली. आबांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांचं पागोटं काकांना बांधायचं ठरलं. शकुबाई आत्या पागोटं घेऊन उभी राहिली.

"संतराम, आता हिचा बाप तूच."

"व्हय, अक्का," काका डोळे पुसत म्हणाले. "लोखंडाचा काय भरोसा? नशिबानंच दगा दिला."

त्यांना मी आजवर उलट शब्द बोलले नव्हते. मी उठले.

"आत्या, थांब. काका, तुमच्या मोटारीचं मागचं उजवं चाक काढा, समद्यांसमोर. आबांचा अ‍ॅक्सल तिथं हाय. तुमीच बदलला."