हॉलबाहेरचा हंडा

मी एक जुना हंडा आहे. पण पाण्याचा नव्हे, घेवड्याचा. मित्रांनो, माझं अंग ओतीव लोखंडाचं आहे आणि मला उचलायला दोन धडधाकट माणसं लागतात. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तरेकडच्या लाकूडतोड्यांसाठी मला भट्टीत घडवलं. पुढे त्यांचा तळ उठला आणि मी स्पेन्सर मिल्स गावच्या हॉलमध्ये आलो.

तिथे माझे चांगले दिवस सुरू झाले. महिन्यातल्या एका शनिवारी हॉलमध्ये घेवड्याचं जेवण असे. आदल्या दिवशी मागच्या अंगणातल्या खड्ड्यात लाकडं जाळायची. निखारे झाले की घेवडा, खारवलेलं डुकराचं मांस आणि काकवी पोटात घेऊन आम्ही तीन हंडे खाली उतरायचो आणि वरून माती पडायची. दुसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर जो वास सुटे, त्याचं कौतुक मी माझ्याच तोंडाने काय करू! मी सगळ्यात मोठा, म्हणून मला शेवटी काढत.

हा सगळा कारभार अर्लीन पेल्कीच्या हातात होता. एरवी ती शाळेची बस चालवायची. जेवण आटोपलं की ती मला घासायची, चुलीवर सुकवायची आणि आतून तेलाचा हात फिरवायची. तिचा हात काही मऊ नव्हता, पण हे करायला ती कधी चुकली नाही.

एका वर्षी अर्लीन राज्याच्या विधानसभेला अपक्ष उभी राहिली. गावातलं शुश्रूषागृह बंद करून तिथल्या म्हाताऱ्यांना दोन तासांच्या अंतरावर हलवायचं घाटत होतं. ती दोन्ही पक्षांच्या दारी जाऊन आली. दोन्हीकडे तिला कॉफी मिळाली, उत्तर मिळालं नाही. तेव्हा म्हणाली, "मग मीच जाते."

आमच्या हॉलचा एक नियम होता: या छताखाली राजकारण नाही. दारावर तशी पाटी होती आणि तो नियम सांभाळायला मर्ल हॅस्केल नावाचे म्हातारे रखवालदार होते. त्यांनी जन्मभर एकाच पक्षाला मत दिलेलं. त्यांची बायको रोझ त्याच शुश्रूषागृहात होती. रोज दुपारी ते तिला भरवायला चालत जात.

मतदानाआधीच्या शनिवारी जेवण होतं. दोन्ही पक्षांचे उमेदवार आले आणि रिवाजाप्रमाणे किटल्या घेऊन लोकांना कॉफी ओतू लागले. त्याला कुणी राजकारण म्हणत नसे. अर्लीन नेहमीसारखी घेवडा वाढत होती. मी अजून खड्ड्यातच होतो, पण मागचं दार उघडं असल्याने सगळं ऐकू येत होतं.

रांगेतली एक बाई म्हणाली, "उमेदवारच वाढायला उभी! पळीमागे एक मत, असंच ना? काय हो मर्ल, हे चालतं का तुमच्या नियमात?"

अर्लीनने पळी खाली ठेवली. "बरोबर आहे तिचं. मी बाहेर शेवटचा हंडा काढते." आणि ती एकटीच येऊन माझ्यावरची माती उपसू लागली. फावडं जरा जोरातच चाललं होतं. मला फार वाईट वाटलं.

थोड्या वेळाने मर्ल ताट घेऊन बाहेर आले. "माझ्या जावयाने पळी घेतलीय. वाढतोय कसला, चिखल फेकतोय."

"मर्ल, मला बोलायला लावू नका. नियम तुमचाच आहे."

"इथे छत कुठाय? बोल आता. तुला मत का देऊ?"

अर्लीन फावड्यावर टेकली. "रोझचं शुश्रूषागृह वाचवीन असं छातीठोक सांगता येत नाही मला. विधानसभेत मी एकटी असेन. मागे पक्ष नाही, काही नाही."

"मग जाऊन करणार काय?"

"विचारत राहीन. रोज. ते वैतागेपर्यंत."

"वैताग आणण्यात तुझा हात कुणी धरणार नाही, हे खरं," मर्ल म्हणाले. मग मला उचलायला त्यांनी आतून दोघांना हाक मारली. आले मात्र दहा-बारा जण, तेही ताटं घेऊनच.

मग आणखी लोक आले. थंडीत उभ्याउभ्या त्यांनी माझ्यातला घेवडा खाल्ला आणि शुश्रूषागृहाबद्दल विचारलं. अर्लीनला जे ठाऊक होतं ते तिने सांगितलं. जे नव्हतं, तिथे "माहीत नाही" म्हणाली. आत किटल्या गार होत होत्या. इतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

अर्लीन थोड्या मतांनी निवडून आली. ती राजधानीला गेली आणि माझी दशा झाली. नव्या मंडळींनी मला धुऊन ओलाच जिन्याखाली ढकललं. अंगभर गंज चढला. आता जेवणाला डब्यातला घेवडा गरम करतात. गावी आली तरी अर्लीन आधी शुश्रूषागृहात जाते, आणि तिथून निघेपर्यंत तिची परतायची वेळ होते. मी तिच्यावर खूप रागावलो होतो, खोटं कशाला बोलू?

पण जिन्याखालच्या झरोक्यातून रस्ता दिसतो. दुपारी मर्ल जातात. आता हातात काठी आहे, तरी चालतच जातात. शुश्रूषागृह अजून उघडं आहे. पुढच्या वर्षाचं कुणी सांगत नाही. अर्लीन विचारतेच आहे.

मित्रांनो, लोखंडाची भांडी ओली ठेवू नका, एवढं तर सांगतोच. पण गंज काय, घासला की जातो. मी आणखी शंभर वर्षं वाट बघू शकतो. रोझ नाही बघू शकत. तुमच्याकडे कुणी घासाची वाट बघत पडलं असेल, तर आधी तिकडे जा. माझं नंतर बघा.