पुढचा हॉल

हेडबाईंच्या नवऱ्याने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. त्यांनी ते टोपण त्याच्या बोटांतून उपटून घेतलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं.

"आता करा सही," त्या म्हणाल्या.

टेबलापलीकडच्या वकीलबाईंनी चष्मा काढला. "शेवटचं सांगते. मालकी साफ आहे, घरावर कर्ज नाही. पण रस्ते खात्याकडून उत्तर यायचंय. ते आल्याशिवाय खरेदीखत करू नका, असं माझं मत आहे. आठवडाभर थांबलात तर काय बिघडेल?"

"घर जाईल," एजंट म्हणाला. सकाळपासून तो एवढंच बोलत होता. बहुधा त्याला पैसे याच वाक्याचे मिळत असावेत.

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. "थांबूया का आठवडाभर?"

हेडबाईंच्या कपाळात तिडीक गेली. हा माणूस लिफ्ट इन्स्पेक्टर होता. दिवसभर परक्यांच्या इमारतींत दोर ओढून बघायचा आणि रात्री घरी येऊन गॅस बंद आहे की नाही ते तीनतीनदा बघायचा. भाजीवाल्याने दिलेली सुटी नाणीसुद्धा हा उलटून बघे. याच्या आठवडाभरापायी नदीजवळचं घर हातचं गेलं होतं. शाळेमागचंही गेलं. ते तर हेडबाईंच्या सख्ख्या भावाने एका बैठकीत घेतलं, वर त्यांना तिथेच बसवून चहा पाजला. "दाजींना विचारून घे गं, खुर्ची नीट आहे ना," असं म्हणून भाऊ हसला होता. हेडबाईही हसल्या होत्या, भावापेक्षा जरा जास्तच.

"तुम्हाला भीती वाटत असेल तर तसं सांगा," त्या आता म्हणाल्या. आवाज शाळेतला, प्रार्थनेच्या रांगा सरळ करणारा. "म्हणजे वकीलबाईंनाही कळू दे."

वकीलबाईंनी नाइलाजाने एक कागद पुढे सरकवला. उत्तर न येताच व्यवहार पुरा करतोय, जबाबदारी आमची, असं त्यावर लिहून हवं होतं. हेडबाईंनी ते सुवाच्य अक्षरांत लिहिलं, अनुस्वारसुद्धा विसरल्या नाहीत. खाली सही ठोकली. नवऱ्याने मजकूर सावकाश वाचला. मग, आश्चर्य म्हणजे, पुढे एक अक्षर न बोलता सगळीकडे सह्या केल्या. हेडबाईंना वाटलं, इतक्या वर्षांनी का होईना, मोडला एकदाचा.

घर बैठं होतं. पुढे मोठा हॉल, मागे दोन खोल्या आणि मोरी. मागच्या खोल्या हेडबाईंनी नीट पाहिल्याही नव्हत्या. त्यांचा जीव जडला होता हॉलवर. तीन खिडक्या, लख्ख उजेड, रस्त्यावरून थेट आत येता येईल असं दार. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या की इथे त्यांची शिकवणी सुरू होणार होती. बाकं किती बसतील, फळा कोणत्या भिंतीवर, बाहेरची पाटी केवढी, सगळं ठरलेलं होतं. पाटीवर फक्त त्यांचं नाव येणार होतं. दोघांचा सगळा फंड या घरात गेला होता, पण त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. खुर्चीवरून उतरल्यावर या नवऱ्यासमोर नुसतं बसून राहायचं, या विचाराने मात्र त्यांना धडकी भरत असे.

एजंटने गाडीतून फाटकाशी सोडलं, किल्ल्या दिल्या आणि चहालाही न थांबता पोबारा केला. नवरा थेट मागे निघून गेला. हेडबाईंनी हॉलच्या मधोमध उभं राहून भावाला फोन लावला.

"झालं रे दादा एकदाचं! नाही, ते काय करणार? मीच करून घेतलं. तू ये, बघ तरी हॉल."

फोन ठेवून त्या मिरवत फाटकाशी आल्या. शेजारच्या बाई त्यांच्या ओट्यावर उभ्या होत्या. ओटा कसला, घराची अर्धी कापलेली खोलीच होती ती. भिंतीचा आतला निळा रंग आता उघड्यावर दिसत होता.

"तुम्ही घेतलंत होय घर?" शेजारीण म्हणाली. "बरं झालं बाई, कुणीतरी घेतलं. या अंगाची सगळी घरं मागे घेतली त्यांनी रस्त्यासाठी. आमचा पुढचा हॉल गेला. या घराच्या आधीच्या मालकाने हातापाया पडून मुदत मागून घेतली होती, म्हणून तेवढं एक राहिलंय. आता येतील महिन्याभरात पाडायला."

हेडबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. या बाजूची सगळी घरं एका रेषेत मागे सरकलेली होती आणि त्यांचं एकटंच पुढे आलेलं होतं. आंधळ्यालाही दिसावं असं होतं ते. त्या प्रत्येक वेळी एजंटच्या गाडीतून आल्या होत्या, आणि सारा वेळ एजंटचं ऐकत होत्या.

त्या आत गेल्या, हॉल ओलांडला, मागच्या खोलीत आल्या. नवरा गुडघ्यांवर बसून टेपने भिंत मोजत होता.

"अहो, रस्ता..." त्यांनी बोटाने बाहेर दाखवलं.

"हॉल जाईल," तो मान वर न करता म्हणाला. "मागचं वाचतं. थोडी भरपाई मिळेल."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी दिसलं. मी कोपऱ्यापासून चालत आलो होतो."

"मग बोलला का नाहीत? दातखीळ बसली होती का?"

तो उठला, गुडघे झटकले. हेडबाईंनी त्याच्या चेहऱ्यावर भीती शोधली, निदान ओशाळलेपण तरी. त्यातलं काही नव्हतं. रांगेत चुकून बोललेल्या पोराकडे त्या स्वतः जशा बघत, तसा तो त्यांच्याकडे बघत होता.

"बोललो असतो, तर हेही घर माझ्यामुळे गेलं असतं," तो म्हणाला.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. नवऱ्याने टेपचं टोक त्यांच्यापुढे धरलं.

"धर हे. दोन पलंग मावतात का बघू."

हेडबाई खाली बसल्या आणि त्यांनी टेपचं टोक भिंतीला लावून धरलं.