आतून लावलेली कडी

मी एक कडी बोलतेय. न्हाणीघराची. वाकलेली, स्क्रूसकट उपटून निघालेली आणि सध्या कोर्टातल्या टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलेली. हसू नका. एका बाईला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, असे माझेही दिवस होते.

तिच्या नवऱ्याचा आवाज चढला की ती धावत माझ्याकडे यायची. बाहेर त्याचे धक्के नि लाथा, आत ती आणि मी. सासूला नेमकं तेव्हाच ऐकू यायचं नाही. मी मात्र जागची हलले नाही. शेवटी एका लाथेने मी निखळले, शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले आणि पुरावा म्हणून माझी वरात इथे आली.

पहिल्या तारखेला ती एकटीच आली. साक्षीला उभी राहिली आणि समोरून नवरा नुसता खाकरला. ते खाकरणं मी ओळखते. लाथेच्या आधी तो असाच खाकरायचा. बाईची दातखीळ बसली. "आठवत नाही," एवढंच म्हणाली.

आज दुसरी तारीख. आणि तिच्याबरोबर ही कोण? म्हणे, अशा बायकांना कोर्टात सोबत करणारी ताई. कुणी यायच्या आधी तिने बाईला आत आणून कुठे उभं राहायचं ते दाखवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. माझ्या पोटात दुखायला लागलं. काल आलेली ही! लाथा खायच्या मी आणि बाईने हात धरायचा हिचा?

नवरा खाकरला. ताई उठली.

"साहेब, खुर्ची जरा इकडे घेऊ का?"

न्यायाधीशांनी मान हलवली. ती अशी बसली की बाईला त्याचं तोंडच दिसेना.

त्याचे वकील म्हणाले, "बाथरूमला कडी सगळेच लावतात. त्यात एवढं काय?"

बाईने ताईकडे पाहिलं. "सगळे अंघोळीला लावतात. मी झोपायला लावायचे."

वकील उगाच कागद चाळू लागले.

निघताना ताईने विचारलं, "नव्या खोलीतल्या बाथरूमची कडी सैल आहे ना? सुताराला सांगू?"

"राहू दे, ताई. आता मी पलंगावर झोपते."

माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही तिने. जळते मी, नाही म्हणत नाही. दार बंद ठेवणं मला जमलं, तिला बोलतं करणं कुठे जमलं? पण निकाल अजून लागायचा आहे. पुढच्या तारखेलाही तिला एकटीला पाठवू नका. त्या ताईलाच शेजारी बसवा. माझा जळफळाट झाला तर होऊ दे.